फॉर्मबुवा, जरा बाजूला व्हा!

नाटकाला गेलो की माझ्या पुढच्या खुर्चीवर हमखास एक सहा फुटी गृहस्थ येऊन बसतात. पहिली घंटा होते, खुर्ची रिकामी. दुसरी होते, तरी रिकामी. मला वाटतं, चला, आज सुटलो. आणि तिसऱ्या घंटेला, अंधार होता होता, ते येतात. मग तीन अंकी नाटक मी त्यांच्या उजव्या कानाच्या बाहेरून बघतो. मध्यंतरात बायको विचारते, "नायकाचं काम कसं वाटलं?" मी म्हणतो, "डावा हात छान हलवतो."

आपल्याला जे बघायचं असतं त्याच्या बरोबर पुढे उभी राहणारी ही एक जमातच आहे. लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली की ती नवरा-नवरीच्या पुढे उभी असते, प्लॅटफॉर्मवर गाडीच्या पाटीपुढे आणि रांगेत नेहमी खिडकीपुढे. ही जमात माणसांतच असते अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती कॉम्प्युटरमध्येही शिरली आहे हे मला बँकेत कळलं, आणि तिच्याविरुद्ध मला आज रीतसर तक्रार नोंदवायची आहे. बँकेच्या तक्रारपेटीत टाकली असती. पण ती पेटी उघडायचं काम माझ्याकडेच आहे, आणि किल्ली गेल्या गणपतीपासून सापडत नाही. म्हणून इथे टाकतो.

आरोपीचं नाव फॉर्म. आरोप असा, की कागद छापायची वेळ आली तरी तो फोकस सोडत नाही.

आता फोकस म्हणजे काय ते आधी सांगतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दहा खिडक्या उघड्या असल्या, तरी तुम्ही दाबलेलं अक्षर एका वेळी एकाच खिडकीत जातं. ज्या खिडकीत जातं तिच्याकडे फोकस आहे असं म्हणतात. पंगतीत शंभर पानं मांडलेली असतात, पण वाढपी ज्याच्या पुढ्यात वाकला आहे त्यालाच जिलबी मिळते. बाकीचे नव्याण्णव नुसते त्याच्याकडे बघत असतात. तसंच हे. वाढपी कुणापुढे वाकला आहे यावर सगळं अवलंबून. आणि आमच्या शाखेत तो वाढपी एकाच पानापुढे कायमचा वाकून बसला होता.

त्याचं असं झालं. बँकेचं मोठं काम मोठ्या यंत्रणेवर चालतं. ती यंत्रणा दूर कुठल्या तरी शहरात असते, आणि देवासारखी दिसत नाही पण आहे असं मानायचं असतं. पण मोठ्या संसारातही गृहिणीची फडताळात एक वेगळी डबी असते की नाही? तशी आमच्या शाखेत एक छोटी फाइल होती. ती अ‍ॅक्सेसमध्ये बनवलेली. अ‍ॅक्सेस हे मायक्रोसॉफ्टनं १९९२ च्या नोव्हेंबरात बाजारात आणलेलं, टेबलावरच्या कॉम्प्युटरवर माहिती साठवायचं साधन. त्याच्या आधी हेच काम डीबेस आणि फॉक्सप्रो करीत. अ‍ॅक्सेसचा कारभार सोपा: टेबलात माहिती ठेवायची, फॉर्मवर ती भरायची आणि रिपोर्ट काढून ती छापायची. कोठीघर, स्वयंपाकघर आणि पंगत. ही फाइल पूर्वीच्या एका उत्साही अधिकाऱ्यानं रात्री जागून बनवली होती. बनवली आणि त्याची बदली झाली. उत्साही अधिकाऱ्यांची बदली नेहमी काम अर्धं झाल्यावरच होते. फाइल मागे राहिली आणि वडिलोपार्जित अडकित्त्यासारखी हातोहात फिरत माझ्या टेबलावर आली. मी बी.कॉम. असल्यामुळे मला सगळं येतं, असा आमच्या साहेबांचा समज आहे.

या फाइलमध्ये होते आमचे पेन्शनर. एकूण ४१२.

पेन्शनरानं वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. केंद्र सरकारच्या ऐंशी पुरे केलेल्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. म्हणजे वय वाढलं की जिवंत असल्याचं एक महिना आधी सांगायची सवलत मिळते. २०१४ च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' आलं. आधार क्रमांक द्यायचा, बोट टेकवायचं, की झाला दाखला. २०२१ पासून तर मोबाइलला चेहरा दाखवूनही काम भागतं. पण आयुष्यभर खडू नाही तर कुदळ धरलेल्या बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्र म्हणतं, ठसा जुळत नाही. मग ही मंडळी थेट काउंटरवर येतात. आणि खरं सांगू का, त्यांतल्या बऱ्याच जणांना घरबसल्या जिवंत राहायचंच नसतं. त्यांना आमच्यासमोर येऊन जिवंत राहायचं असतं.

दाखला आला की मी फॉर्मवर त्या गृहस्थांचं पान काढायचं, 'दाखला मिळाला' या चौकटीत बरोबरची खूण करायची आणि तारीख घालायची. फॉर्मच्या तळाशी दोन बटणं होती. एक 'आलेल्यांची यादी', दुसरं 'न आलेल्यांची यादी'. ही दुसरी यादी महिनाअखेर साहेबांच्या सहीनं वरच्या कचेरीत जायची. त्या यादीत ज्याचं नाव, त्याचं पेन्शन थांबायचं. एवढी साधी व्यवस्था.

पहिल्या वर्षी मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. परत दाबलं. काही नाही. आपण वरच्या मजल्यावरून लिफ्टचं बटण जसं दाबतो, तसं मी ते पाच वेळा दाबलं. फॉर्म माझ्याकडे बघत होता, मी फॉर्मकडे. शेवटी कंटाळून फॉर्म बंद केला, तर त्याच्या मागे यादी! केव्हाची येऊन उभी. सासऱ्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या नव्या सुनेसारखी. हजर आहे, पण दिसायची नाही.

चौकशी केल्यावर कळलं, की त्या फॉर्मला दोन गुण चिकटवलेले होते. एकाचं नाव पॉप-अप. म्हणजे बाकीच्या सगळ्या खिडक्यांच्या डोक्यावर बसायचं. दुसऱ्याचं नाव मोडल. म्हणजे मला बंद केल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही खिडकीला हात लावायचा नाही. पॉप-अप म्हणजे आमचे ते पुढच्या खुर्चीवरचे गृहस्थ. आणि मोडल म्हणजे तेच गृहस्थ, पण जाताना तुमचं तिकीटही खिशात घालून बसलेले.

यादी दिसायला फॉर्म बंद करावा लागे. फॉर्म बंद केला की चारशे बारांतलं हातातलं पान हरवे. परत फॉर्म उघडावा, तर तो पहिल्या पेन्शनरापासून सुरू होई. त्या पहिल्या गृहस्थांचा चेहरा, खातं क्रमांक, जन्मतारीख सगळं मला पाठ झालं. माझ्या सख्ख्या मेव्हण्याची जन्मतारीख मला येत नाही.

दुसरा घोटाळा असा, की यादी मागे उघडीच असताना मी दुसरं बटण दाबलं, तर पहिलीच यादी परत पुढे केली जाई. म्हणजे रिपोर्ट आधीच उघडा असला, की अ‍ॅक्सेस तोच आहे तसा समोर आणतं. नव्यानं लावलेली गाळणी त्याला लागत नाही. आधीचा रिपोर्ट बंद करून मगच नवा मागायचा असतो. हे मला ठाऊक नव्हतं. त्यामुळे एकदा मी न आलेल्यांची म्हणून आलेल्यांची यादी साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी चष्मा वर केला. "अहो, हे पहिले गृहस्थ आत्ता तासापूर्वी माझ्याकडे बसून चहा पिऊन गेले. हे कुठे गेले म्हणता?"

साहेब स्वतः उठून माझ्या टेबलाशी आले. "असं काय करता? सोपं आहे," म्हणाले आणि त्यांनी कंट्रोल आणि पी ही बटणं एकदम दाबली. साहेबांना कॉम्प्युटरमधलं जे येतं ते एवढंच, आणि ते त्यांना फार चांगलं येतं. आता, छापा म्हटल्यावर यंत्र काय छापतं? तुमच्या मनात आहे ते नव्हे. ज्याच्याकडे फोकस आहे ते. फोकस होता फॉर्मकडे. आणि फॉर्म छापायला सांगितला की समोरचं एकच पान छापून तो थांबत नाही. त्याच्या पोटात जेवढे असतील तेवढे सगळे बाहेर येतात. प्रिंटर घरघरला आणि एकेक पेन्शनर चौकटी-बटणांसकट बाहेर पडू लागला. साठाव्या पेन्शनराला शिपाईमामांनी प्रिंटरची वायर उपटली. "साहेब, ही काय वरात निघाली का काय?" म्हणाले. त्या साठ कागदांच्या मागच्या बाजूवर आम्ही पुढे दोन महिने चहाचे हिशेब लिहिले.

तिसरी पायरी म्हणजे दुरुस्ती. ओळखीचा एक कॉलेजकुमार शनिवारी येऊन बघून गेला. त्यानं निदान केलं, की यादी आधी पडद्यावर दाखवायची जी पायरी आहे, तिच्यातच सगळी भानगड आहे. त्यानं ती पायरीच काढून टाकली. आता बटण दाबलं की यादी थेट कागदावर. मुलगा हुशार. पडद्यावर काही दिसत नाही या तक्रारीवर त्यानं उपाय केला, तो दाखवायचंच बंद करून. पण माझ्या बोटाला पाच वेळा दाबायची सवय लागली होती. बटण एकदा दाबलं की एक प्रत, पाचदा दाबलं की पाच. सवय मोडेपर्यंत आमची शाखा वरच्या कचेरीला न आलेल्यांची यादी पाच प्रतींत पाठवत होती. वरच्या कचेरीनं कळवलं, एक पुरे.

इथवर तुम्ही हसलात तर माझी हरकत नाही. मीही हसलो आहे. पुढची हकिगत मात्र मी चारचौघांत हसून सांगत नाही.

२०२३ सालची ३० नोव्हेंबर, गुरुवार. शेवटचा दिवस. पावणेचारला एक निवृत्त शिक्षक आले. त्यांना सारं गाव गुरुजी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. वय शहात्तर. बोटाचा ठसा जुळला नव्हता. तसा तो जुळतच नाही, चाळीस वर्षांच्या खडूनं रेषा पुसून नेल्यात. त्यांनी दाखल्यावर सही केली. ती इतकी सुवाच्य, की मला माझ्या सहीची लाज वाटली. मी त्यांचं पान काढलं, खूण केली, तारीख घातली. "झालं, गुरुजी." "मग मी जिवंत ना?" "ठणठणीत." ते हसत गेले. तेवढ्यात साहेबांची हाक, "यादी झाली का?" मी तसंच, त्याच पानावर असताना, 'न आलेल्यांची यादी' दाबलं. एकदाच दाबलं. कागद आला, सही झाली, शिक्का बसला, यादी गेली. मी फॉर्म बंद केला आणि साडेपाचची बस पकडली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गुरुजी परत आले. रांगेत उभे राहिले, आपला नंबर आल्यावरच बोलले. "अरे, या महिन्याचं पेन्शन दिसत नाही. जरा बघतोस?" आवाजात राग नव्हता. मी बघितलं. थांबवलं होतं. कारण, दाखला नाही. मी फाइल उघडली, तर फॉर्मवर त्यांच्या नावापुढे खूण ठळक! तारीखही ३० नोव्हेंबर. सही केलेला दाखला कपाटात. आणि यादीची स्थळप्रत काढली, तर तिच्यात शेवटून तिसरं नाव गुरुजींचं. पडद्यावर गुरुजी हयात, कागदावर बेपत्ता.

"चूक कुणाची का असेना," गुरुजी म्हणाले, "पण वाण्याकडे या महिन्यात लिहून ठेवायला सांगितलं रे. उधारी कधी केली नव्हती. हिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र रोखीनं आणल्या. औषधाचं उधार ठेवू नये."

पैसे थकबाकीसह मिळाले. तसे ते मिळतातच. वाण्याच्या वहीत पडलेलं नाव मात्र थकबाकीसह पुसता येत नाही.

त्या संध्याकाळी मी बस सोडली आणि शोध लावला. एका नावापुढे खूण केली आणि लगेच यादी छापली. नाव यादीत तसंच. मग पुढच्या पानावर गेलो, परत छापली. नाव गेलेलं. म्हणजे असं, की फॉर्मवर तुम्ही काहीही भरलंत तरी ते तुम्ही त्या पानावरून हलेपर्यंत टेबलात उतरत नाही. तोवर पानाच्या डाव्या कडेला एक बारीकशी पेन्सिल दिसत असते. पेन्सिल म्हणजे, लिहिणं चालू आहे, अजून दप्तरी दाखल नाही. आणि रिपोर्ट वाचतो तो टेबलातून. फॉर्म म्हणतो गुरुजी आले. टेबल म्हणतं, माझ्यापर्यंत कुणी आलं नाही. रिपोर्ट टेबलाचं ऐकतो. मी फॉर्म बंद केला तेव्हा खूण टेबलात गेली, पण तोवर यादी पाकिटात गेली होती. म्हणजे दर वेळी छापण्याआधी जो शेवटचा माणूस आला असेल, तो मेला! आधीच्या वर्षांत आम्ही असे किती शेवटचे मारले, याचा हिशेब करायची माझी छाती झाली नाही.

न टिपलेल्या या अवस्थेला अ‍ॅक्सेसच्या भाषेत डर्टी म्हणतात. फॉर्म डर्टी आहे. आमची आजी याला ओवळं म्हणाली असती. ओवळ्यात असताना देवघराला शिवायचं नाही, हे तिला कुठल्याही क्लासला न जाता कळत होतं. हा फॉर्म मात्र ओवळ्यानंच जाऊन पूजा सांगून आला.

गुरुजींना हे मी जमेल तसं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे शेवटच्या मुलाच्या हातातली वही गोळा न करता मास्तरनं निकाल लावला. आधी वह्या गोळा करायच्या असतात, बाळ. मग तपासायच्या."

माझी सगळी तक्रार या दोन वाक्यांत आली. पण कॉम्प्युटरवाली मंडळी एवढ्यानं ऐकत नाहीत, म्हणून त्यांच्याशी दोन हात करतो.

त्यांचं पहिलं म्हणणं, वापरणाऱ्यानं आधी सेव्ह करायला नको का? शिफ्ट आणि एंटर दाबलं की टिपलं जातं. वा! अहो, या अ‍ॅक्सेसचा मोठेपणाच हा सांगितला जातो, की यात सेव्ह करावं लागत नाही, पान उलटलं की आपोआप टिपलं जातं. ३६४ दिवस 'तुम्ही काळजी करू नका' म्हणायचं आणि ३६५ व्या दिवशी 'काळजी का केली नाही?' विचारायचं, हा जावयाचा स्वभाव झाला. यंत्राला शोभत नाही. आणि त्यांचंच म्हणणं आहे, की दुरुस्ती एका ओळीची असते: छापायच्या बटणामागे लिहायचं, फॉर्म डर्टी असेल तर आधी टिपून घे. एक ओळ! मग ती लिहिली का नाहीत? एका ओळीचा आळस शहात्तर वर्षांच्या माणसानं वाण्याच्या दारात का फेडायचा?

दुसरं म्हणणं, कॉम्प्युटर नवा आहे, माणसांना सवय नाही. नवा कसला? अ‍ॅक्सेसनं तिशी ओलांडली. आणि ही गोष्ट कॉम्प्युटरची नव्हेच, हिशेबाची आहे. मला बी.कॉम.ला जे काही थोडं शिकवलं त्यात हे होतं, की आधी खतावणी, मग तेरीज. व्हाउचर हातात ठेवून तेरीजपत्रक काढणारा कारकून जुन्या बँकेत संध्याकाळपर्यंत टिकला नसता. लाल कापडात बांधलेल्या चोपड्यांचा मुनीम दौतीत टाक बुडवताना जे जाणत होता, ते कळायला आम्हाला प्रोसेसर कमी पडतो?

तिसरं म्हणणं जरा वजनदार आहे. ते म्हणतात, मोडल फॉर्म हा सुरक्षेसाठी असतो. माणूस अर्धवट काम सोडून दुसरीकडे भटकू नये म्हणून. कबूल. खातं कायमचं पुसताना 'खरंच पुसू?' असं विचारणारी चौकट आडवी यावी, जरूर यावी. कॅशियरनं नोटा मोजताना मान वर करू नये हे मलाही पटतं. पण छापणं हे काय भटकणं आहे? छापण्यासाठीच तर फॉर्म भरला! मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहून वऱ्हाडाला 'आत जाऊ नका, लग्न चालू आहे' म्हणण्यातला हा प्रकार.

आणि ही तक्रार माझ्या एकट्याची समजू नका. अमेरिकेत लॅरी टेस्लर नावाचे गृहस्थ होते. कट, कॉपी, पेस्ट ही आपण दिवसातून शंभरदा करतो ती युक्ती ज्यांनी घडवली, त्यांतले हे. १९७३ साली ते झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात गेले, पुढे अ‍ॅपलमध्ये. माणसाला एका अवस्थेत कोंडून घालणाऱ्या, म्हणजे मोडवाल्या, यंत्रांशी त्यांनी जन्मभर भांडण केलं. इतकं, की मोटारीची नंबरप्लेटच 'नो मोड्स' अशी घेतली. ते २०२० साली वारले. आपल्याकडे मोटारीच्या मागे 'आईचा आशीर्वाद' लिहितात, त्या भक्तिभावानं त्यांनी ते लिहिलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी ज्याला कळलं, ते आमच्या फाइलपर्यंत यायला अजून किती बदल्या व्हायला हव्यात?

अ‍ॅक्सेसला मी दोष देत नाही हे इथे नमूद करतो. रिपोर्ट उघडताना तो सर्वांच्या पुढे येऊन बसेल असं सांगायची सोय त्यात आहे. फॉर्मला तेवढ्यापुरतं लपवायची आणि रिपोर्ट मिटला की परत आणायचीही आहे. नाटकगृह चांगलं आहे हो. खुर्च्या मांडणाऱ्यानं उंच माणूस पुढे बसवला.

तेव्हा माझ्या मागण्या सरळ आहेत. छापा म्हटलं की आधी हातातलं टिपून घ्या. जुना रिपोर्ट उघडा असेल तर तो मिटवा. मग फॉर्मनं बाजूला व्हावं आणि मी मागितलेला कागद माझ्यासमोर यावा, थेट प्रिंटरवर न जाता आधी डोळ्यांसमोर. एवढी नावं बघून होईपर्यंत फोकस त्या कागदाकडे असावा, म्हणजे कुणी साहेब येऊन कंट्रोल-पी दाबतील तर तोच छापला जाईल. आणि कागद मिटला की फॉर्मनं परत यावं, त्याच पानावर. पहिल्या गृहस्थांची जन्मतारीख मला पुन्हा वाचायला लावू नये. पाहुणा आला की यजमान उठून खुर्ची देतो आणि पाहुणा गेला की आपल्या जागी येऊन बसतो, त्यापेक्षा यात जास्त काही नाही.

त्याच जानेवारीत मी कॉलेजकुमाराला पुन्हा बोलावलं, शेजारी बसवलं आणि हे सगळं करून घेतलं. दोन कप चहा आणि सव्वा तास लागला. सगळ्या मिळून ओळी आठ-नऊ असतील.

हे काम संपवून मी मोठ्या विजयी मुद्रेनं काउंटरवर परत आलो, तर समोर एक मावशी उभ्या. "साहेब, तेवढं पासबुक भरून द्या." माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "आधी तो केवायसीचा फॉर्म भरून आणा. तो दिल्याशिवाय पुढचं काही होणार नाही." मावशी फॉर्म घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेल्या. तिथलं दोरीला बांधलेलं पेन चालत नव्हतं. त्या परत आल्या. मी म्हटलं, "पेन स्वतःचं आणायचं असतं."

आणि माझी जीभ अडखळली. पॉप-अप कोण? मोडल कोण? या बाईंना हवं होतं पासबुक, आणि त्याच्या बरोबर पुढे, उजव्या कानासकट, मी बसलो होतो. वीस वर्षं बसलो आहे. पासबुक आणि केवायसी यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण मला बंद केल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नव्हतं, आणि मी साडेपाचशिवाय बंद होत नाही.

मी त्यांचं पासबुक घेतलं, आधी भरून दिलं, मग माझं पेन दिलं. "फॉर्म सावकाश भरा, मावशी." त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. बँकेत इतकं गोड बोलतात म्हणजे खात्यातले पैसे गेले असावेत, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी पासबुक उघडून शिल्लक दोनदा वाचली.

२०२४ च्या नोव्हेंबरात गुरुजी आले, शेवटच्या दिवसाची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात. सही केली. मी खूण केली, तारीख घातली. ते हलेनात.

"काय गुरुजी?"

"वह्या गोळा केल्यास का?"

मी यादी काढली. फॉर्म नम्रपणे बाजूला झाला, कागद पडद्यावर पुढे आला. मी ओळीवर बोट फिरवून न आलेल्यांत त्यांचं नाव शोधलं. नव्हतं. "नाही, गुरुजी. तुमचं नाव यात नाही."

"छान," गुरुजी म्हणाले, आणि मागच्या माणसाला खिडकी दिसावी म्हणून चटकन बाजूला सरकले.